कलमपट्टीचा कॅपो

मंदाताई दुकानातली वस्तू हातात घेत, उलटी करत, नखाने टोकरून बघत, नाकाशी नेत, ती कशी उघडते-मिटते ते दुकानदाराला करून दाखवायला लावत, आणि मग ती काउंटरवर अलगद परत ठेवून एकच शब्द बोलत, "कळलं." एवढं बोलून त्या निघून जात. नाशिकमधल्या वाद्यांच्या एका चकचकीत दुकानात मी हे पहिल्यांदा पाहिलं. वस्तू होती गिटारीचा पट्टा. दुकानदाराचं त्या पट्ट्याच्या चामड्याचं कूळ आणि शिवणीचं गोत्र सांगून झालं होतं.

"मग बांधून देऊ ना, मावशी?" त्याने विचारलं.

"बांधायचं काय त्यात? कळलं की," मंदाताई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात त्या आमच्या गिटारच्या क्लासला आल्या तेव्हा त्यांच्या गिटारीला पट्टा होता. तो भंगारात निघालेल्या एका जीपच्या सीटबेल्टचा होता, आणि माझ्या अंदाजाने त्याने वेळ पडली असती तर जीपही तोलली असती.

मी हे भूतकाळात लिहितो आहे, त्याचा भलता अर्थ कुणी काढू नये. मंदाताई ठणठणीत आहेत. त्या आता क्लासला येत नाहीत एवढंच, आणि का येत नाहीत तेच सांगायचं आहे.

आमचा क्लास नाशिक रोडला एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर भरतो. पाटीवर 'अकॅडमी' असं लिहिलेलं आहे. आत प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत आणि गिरणी चालू असली की गिटारींवर पिठाचा पातळ थर बसतो. शिकवणारा नील पंचविशीतला, केसांची शेपटी बांधणारा, आणि वयाच्या मानाने फारच सोशिक मुलगा. मी विमा कार्यालयातून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा निरोप समारंभात मला घड्याळ मिळालं होतं आणि त्यात बघायला भरपूर वेळही. म्हणून गिटार. नीलने पहिल्याच दिवशी ग्रुपवर लागणाऱ्या वस्तू कळवल्या आणि मी त्या सगळ्या घेतल्या. महिनाभरात चांगल्या गिटारवादकाकडे असावं ते सारं माझ्याकडे होतं, फक्त वाजवणं तेवढं राहिलं होतं.

मंदाताई आल्या त्या खताची गोणी खांद्याला लावून. गोणीच्या आतून जुन्या गोधडीचं अस्तर शिवलेलं, तोंडाला नाडी, आणि गोणीत गिटार. वर्गात लिंबोळी पेंडीचा वास पसरला. कॉलेजची दोन पोरं खिडकीकडे सरकली.

"मास्तर, हे शिकायला किती दिस लागत्यात?" त्यांनी विचारलं.

"आयुष्य कमी पडतं, काकू," नील म्हणाला. हे तो सगळ्यांना म्हणतो.

"तेवढा टाइम नाय. भाद्रपदात झेंडू तोडायला येतो."

मंदाताईंचं गाव एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या पलीकडे. घरची फुलशेती, थोडा भाजीपाला, बांधाला गुलाब. पहाटे अण्णा, म्हणजे त्यांचे यजमान, फुलांची क्रेट घेऊन शहरातल्या बाजाराला जात. गिटार त्यांच्या मुलीची. तिने ती कॉलेजात असताना घेतली, सहा-आठ महिने छेडली, मग नोकरी लागून पुण्याला गेली, लग्न झालं, आणि गिटार फवारणीच्या पंपाशेजारी खुंटीला लटकली. मंदाताईंनी ती गावात तिघा-चौघांना देऊन पाहिली. कुणी घेईना. "वस्तू असो का जित्राब, नुसतं दावणीला बांधून ठेवायचं नाय," त्या मला सांगत होत्या. "कामाला लावायचं, नाय तर देऊन टाकायचं. देऊन झालं, कुणी घेतली नाय. मग काय करता, सर? शिकावंच लागलं." चष्मा असलेल्या प्रत्येक माणसाला त्या सर म्हणत. नीलला चष्मा नसल्यामुळे तो मास्तर. गिटार शिकण्याची इतकी प्रामाणिक कारणमीमांसा मी दुसरीकडे ऐकलेली नाही. आम्ही बाकीचे सगळे 'मनाच्या शांतीसाठी' वगैरे आलो होतो.

वाजवण्यात त्या मध्यम होत्या. तीन कॉर्ड, म्हणजे बोटांनी तारा दाबायच्या तीन ठेवणी, बसले. चौथ्याशी त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही आणि त्यांनी ते मनावरही घेतलं नाही. त्यांचा खरा जीव गिटारीच्या भोवतालच्या वस्तूंत. तारा छेडायची नखी त्यांनी श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणातून कापली. ती नीलला इतकी आवडली की मंदाताईंनी सगळ्या वर्गाला नख्या कापून आणल्या, त्याही प्रत्येकाच्या हाताचा अंदाज घेऊन. "तुमचा हात जड हाय, सर. तुम्हाला मऊ आणलीय." माझी नखी शाम्पूच्या बाटलीची होती. गिटार उभी करायचा स्टँड त्यांनी शेतातल्या उरलेल्या पाइपांचा केला. तो इतका भक्कम झाला की अण्णांनी त्यावर ओली बनियन वाळत घालायला सुरुवात केली आणि घरात पहिल्यांदा गिटारीवरून वाद झाला.

सगळंच जमे असं मात्र नाही, आणि फसलेलं त्या लपवतही नसत. गिटारीला चकाकी यावी म्हणून त्यांनी तिला शेंगदाण्याचं तेल चोळलं. दोन दिवसांनी मुंग्यांची रांग आतल्या पोकळीत शिरली आणि पुढचा धडा मुंग्या बाहेर येण्याची वाट पाहण्यात गेला. मग एक तार तुटली, तेव्हा त्यांनी मोटरसायकलच्या क्लच वायरमधला एक पदर सोडवून लावला. नील 'काकू, नको' म्हणेपर्यंत त्यांनी खुंटी पिळली होती. तार सुटली ती भिंतीवरच्या एका परदेशी वादकाच्या पोस्टरचं नाक घेऊन गेली. मंदाताईंनी पोस्टरकडे, मग तारेकडे पाहिलं.

"तारा विकतच घ्यायच्या," त्या म्हणाल्या. "दुकानवाल्याच्या पोटालाबी कायतरी सोडलं पायजे."

आता मुख्य गोष्ट. मंदाताईंच्या गावात महिलांचं भजनी मंडळ आहे. दरवर्षी गावात हरिनाम सप्ताह बसतो आणि त्यात एका दुपारी या मंडळाची पाळी असते. सप्ताहाच्या सात दिवसांत बायकांच्या वाट्याला येणारी ती एकच दुपार. बाकी वेळ त्या पोळ्या लाटतात. मंडळात पेटी वाजवणाऱ्या बाई त्या वर्षी मुलाकडे सुरतेला कायमच्या राहायला गेल्या. सप्ताह कमिटीने निरोप धाडला: पेटी नसेल तर मंडळाला पाळी नाही, शेजारच्या गावचं मंडळ यायला तयार आहे. मंदाताईंनी उलट निरोप धाडला की पेटी नाही, पण गिटार आहे. कमिटीत यावर बराच वेळ चर्चा झाली म्हणतात. शेवटी पुरुष मंडळाचे रंगनाथबुवा म्हणाले, "वाजवू द्या यंदा. जमलं तर जमलं. नाय जमलं तर पुढल्या सालापासून बाहेरचं मंडळ." बुवा वाईट माणूस नव्हे. फक्त जमणार नाही याची त्यांना खात्री होती.

"तीन कॉर्डात भजन बसंल का, मास्तर?" मंदाताईंनी नीलला विचारलं.

"बसेल. पण गाणारी कोणत्या पट्टीत गाते त्यावर आहे. तुम्हाला कॅपो लागेल."

कॅपो म्हणजे गिटारीच्या गळ्यावर आडवा बसणारा चिमटा. तो सगळ्या तारा एकदम दाबतो, आणि तो जितका पुढे सरकवावा तितका सूर चढतो. तीनच कॉर्ड येणाऱ्या माणसालाही त्यामुळे गाणाऱ्याच्या गळ्याशी जुळवून घेता येतं. माझ्याकडे अर्थातच होता, डबीसकट. मंदाताईंनी तो मागून घेतला, दोनदा उघडमीट केला, स्प्रिंगचा वास घेतला आणि परत दिला.

"कळलं."

पहिला कॅपो त्यांनी कपड्याच्या चिमट्यांचा केला. तो मधल्या तारा दाबी आणि कडेच्या सोडून देई. दुसरा पेन्सिल आणि सायकलच्या ट्यूबचा. तो एका बाजूने इतका ओढे की गिटार तक्रार केल्यासारखी झणझणे. तिसऱ्या वेळी त्यांनी बांबूची कामटी घासून घेतली आणि ती गुलाबाचं कलम बांधतात त्या प्लास्टिकच्या पट्टीने गळ्याला बांधली. गुलाबाला डोळा, म्हणजे दुसऱ्या झाडाचा अंकुर, भरला की त्यावर ही पट्टी आवळतात. ढिली राहिली तर डोळा सुकतो, जास्त आवळली तर गुदमरतो. मंदाताईंनी आयुष्यभर हेच केलं होतं. त्यांनी पट्टीचे वेढे दिले, शेवटचा फेरा खालून काढून गाठ मारली आणि तारांवरून हात फिरवला. सहाही तारा स्वच्छ बोलल्या.

"झकास," नील म्हणाला. "पण काकू, हा सरकवायचा कसा?"

"सरकवायचा कशाला? कलम कधी सरकवत्यात का?"

"म्हणजे गाणं सुरू असताना गाणारीने सूर बदलला तर?"

"ब्लेडनं कापायचं आन् दुसरीकडं बांधायचं. लय तर पाच-दहा मिन्टं."

नीलने माझ्याकडे पाहिलं. मी गिटारीवरचं पीठ पुसत होतो.

कुठे बांधायचं हा प्रश्न होता. मंदाताई गिटार घेऊन आपल्या शेडमध्ये बसल्या, जिथे मंडळाच्या बायका दुपारी झेंडूच्या माळा ओवायला येतात. मंडळाची मुख्य गाणारी सखूमावशी; पंचाहत्तरीच्या आसपास, पुढचे दोन दात नाहीत, आवाज मात्र शाबूत. मंदाताईंनी कामटी गिटारीच्या गळ्यावरच्या पट्ट्यांमधल्या एकेका घरावर धरून बघितली आणि सगळ्यांना गायला लावलं. पेटीच्या पट्टीत सखूमावशी आणि आणखी दोघी पोचत. बाकीच्या नुसते ओठ हलवत. खाली येत येत तिसऱ्या घरावर सगळ्या जणी गायला लागल्या, ओवणाऱ्या पोरीसोरींसकट.

"इतकी वर्सं आपण टाचा उंच करून गात होतो," मंदाताईंनी त्यांना सांगितलं. "पेटी गड्यांची, पट्टी बी गड्यांचीच. आता पाय टेकून गायचं." आणि त्यांनी तिसऱ्या घरावर कलम बांधून टाकलं. महिनाभर तालीम त्याच सुरात झाली.

सप्ताहाला मंदाताईंनी आम्हाला बोलावलं होतं. नील आणि मी त्याच्या स्कूटरवरून गेलो. मंडपाच्या दारात एक फलक होता, त्यावर शुभेच्छुकांचे इतके चेहरे होते की पांडुरंग कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. बायकांच्या भजनाच्या वेळेला एक प्रमुख पाहुणे आले. त्यांचा सत्कार झाला, मग त्यांच्याबरोबर आलेल्यांचा सत्कार झाला, मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा. शेवटी पाहुण्यांनी भजनाचं महत्त्व सांगितलं आणि भजन सुरू व्हायच्या आत ते निघून गेले.

मंडळ बसलं. मध्ये सखूमावशी, तिच्या शेजारी सीटबेल्ट गळ्यात घालून मंदाताई, मागे टाळकरी बायका. पखवाजाला नेहमीप्रमाणे पुरुष मंडळाचा नामदेव, चाळिशीचा, मिशीवाला, फारसा न बोलणारा. रंगनाथबुवा पहिल्या रांगेत स्वतःची पेटी पुढ्यात घेऊन बसले होते. बायकांना आधार वाटावा म्हणून, अगदी सद्भावनेने, त्यांनी भाता हलवला आणि आपल्या पट्टीचा सूर मोठ्याने दिला.

इथेच घोटाळा झाला. पेटीने सूर दिला की तो उचलायचा, ही सखूमावशीची उभ्या जन्माची सवय. महिन्याभराची तालीम एका क्षणात विरली. मावशीने डोळे मिटले आणि पेटीच्या सुरात अभंग उचलला. नामदेवचा पखवाज त्याच सुरात मिळवलेला. मंदाताईंनी तिसऱ्या घरावरून कॉर्ड वाजवला. दोन वेगळ्या लग्नांच्या वराती एकाच बोळात समोरासमोर याव्यात तसं झालं. मंडपात कुणीतरी हसलं. मंदाताईंनी पंजा तारांवर सपाट ठेवला आणि गिटार गप्प केली. मावशीही थांबली.

"राहू द्या, वहिनी," बुवा समजुतीच्या सुरात म्हणाले. "ते बाजूला ठेवा. मी पेटीवर साथ देतो. बायांची दुपार जायला नको."

कमिटीची माणसं माना डोलवू लागली. एका अर्थाने सोय होती. पण मग पुढल्या वर्षीचं काय ठरलं हे सांगायला कुणी लागलं नसतं. ती दुपार मिळाली तर बुवांना सवड असेल तेव्हा मिळाली असती. मी पिशवीतून माझा विकतचा कॅपो काढला आणि हात उंच करून मंदाताईंना दाखवला. नील कुजबुजला, "पाचव्या घरावर लावला की झालं. आत्ता जुळेल." मंदाताईंनी आमच्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. त्यांना कळत नव्हतं असं नाही. पाचव्या घरावर गिटार पोचली असती, मागच्या बायका पोचल्या नसत्या.

त्यांनी माइक आपल्याकडे ओढला.

"बुवा, सूर चांगला हाय. पण तिथं आमचा गळा पोचत नाय. आम्ही खालीच गाणार." मग मान वळवून, माइक तोंडापाशीच असताना, "मावशे, खाली ये. वर काय ठिवलंय तुझं?"

सगळा मंडप हसला. सखूमावशीही हसली, दात नसलेल्या जागेतून. "आलेच," ती म्हणाली.

"आन् पखवाजाचं काय?" कमिटीतलं कुणीतरी म्हणालं. "तो बुवांच्या सुरात मिळवलाय."

हे खरं होतं. मंदाताईंकडून आधी याचा विचार करायचा राहून गेला होता. त्यांच्या शेडमध्ये पखवाज नव्हता. आता सगळे नामदेवकडे बघायला लागले. नामदेवने बुवांकडे पाहिलं. बुवांनी पेटीच्या भात्याकडे पाहिलं. मग नामदेवने पखवाज आडवा मांडीवर घेतला, शेजारची हातोडी उचलली आणि त्याच्या चामडी वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे एकेक करून सैल करायला लागला.

"द्या तुमचा सूर, वहिनी," तो म्हणाला.

मंदाताई एकच तार छेडत राहिल्या. नामदेव ठोकत, थाप मारत, कान देत, पुन्हा ठोकत होता. वेळ लागला. भर मंडपात, पाहुण्यांच्या सत्काराला लागला होता तेवढाच जवळजवळ, पण या वेळी कुणी चुळबुळ केली नाही. पुरुषांच्या मंडळाचा पखवाज बायकांच्या गळ्यासाठी उतरवला जाताना त्या गावाने तोवर पाहिलेलं नव्हतं. मागे पोळ्या लाटणाऱ्या बायका लाटणी हातात तशीच धरून कनातीशी येऊन उभ्या राहिल्या.

मग सखूमावशीने अभंग उचलला, खालून, पाय टेकून. मंदाताईंचे तीन कॉर्ड चालू झाले. पहिलं चरण मंडळाने झेललं. दुसऱ्याला एक वेगळा आवाज आला म्हणून मी मागे वळून पाहिलं. कनातीशी उभ्या असलेल्या बायका गात होत्या. पिठाचे हात तसेच. वर्षानुवर्षं त्यांनी हे अभंग ऐकले होते, शब्द पाठ होते, फक्त त्या उंचीवर जाता येत नव्हतं. तिसऱ्या अभंगाला मंडपातली बायकांची बाजू अख्खी गात होती आणि नील, जो मला वाटतं लहानपणानंतर देवळात गेलेला नाही, मांडीवर ताल धरून बसला होता. त्याला म्हटलं, "तुमची शिष्या." तो म्हणाला, "सर, गप्प बसा, ऐकू द्या."

रंगनाथबुवांनी पेटी मिटली होती. चौथ्या अभंगाला त्यांनी खिशातून टाळ काढून धरले. एवढं श्रेय त्यांना दिलं पाहिजे.

भजन झाल्यावर शेडमध्ये चहा होता. बायका सगळ्या एकदम बोलत होत्या. अण्णा गिटारीवरचा कॅपो दाखवत ज्याला-त्याला सांगत होते, "दोरी न् कामटी, बाकी कायबी नाय. घरी केलंय," आणि मंदाताई त्यांना मधूनच दुरुस्त करत होत्या, "दोरी नाय हो, कलमपट्टी." नीलने विचारलं, "काकू, आता सोमवारी येताय ना? चौथा कॉर्ड घेऊ."

"आता कसली येते, मास्तर? संध्याकाळी तालीम राहील मंडळाची. बाया सोडत नाय आता." त्यांनी नीलला बशी भरून शेव दिली. "तुमीच येत जा इकडं. चौथा इथंच शिकवा, जमला तर जमला."

तेवढ्यात नामदेव कपबशी हातात घेऊन आला.

"वहिनी, पुढल्या साली हाच सूर का?" त्याने विचारलं. "म्हंजी पखवाज आता मढवायला टाकायचाय. याच सुराचा करून आणतो. येरवाळीच सांगा, मागून घाई नको."

कमिटीची बैठक, ठराव, निरोप असलं काहीच झालेलं नव्हतं, आणि व्हायची गरज उरली नव्हती. मंदाताईंनी सखूमावशीकडे पाहिलं.

"काय म्हणती, मावशे? पुढल्या साली?"

सखूमावशी चहात बिस्कीट बुडवत होती. तिने ते सावकाश खाल्लं.

"पुढल्या सालाचं पांडुरंग बघंल," ती म्हणाली. "उद्या पहाटंच्या काकड्याला जागा हाय का, ते विचार या नामदेवाला."

नामदेवने कपबशी खाली ठेवली आणि तो कमिटीला विचारायला गेला.